जाधव, खाशाबा दादासाहेब

(१५ जानेवारी १९२६–१४ ऑगस्ट १९८४). मुक्त शैलीच्या (फ्रीस्टाइल) हौशी कुस्तीतील ख्यातनाम भारतीय मल्ल व ऑलिंपिक क्रीडासामन्यांत वैयक्तिक पदक मिळविणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. १९५२ च्या हेल्सिंकी (फिनलंड) येथील ऑलिंपिकमध्ये बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात त्यांनी ब्राँझपदक संपादन केले. तत्पूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट (५२ किग्रॅ.) गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला होता. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड याने २०० मी. धावणे व २०० मी. अडथळ्यांची शर्यत यांत मिळविलेली दोन रौप्यपदके भारताच्या नावे नोंदली जातात. तथापि स्वातंत्र्योत्तर काळात हॉकीसारख्या सांघिक खेळाव्यतिरिक्त भारताला मिळालेले पहिले पदक जाधव यांचेच होय. संस्थानी राजाश्रय संपुष्टात आला आहे आणि शासन वा क्रीडासंघटना यांची व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही, अशा संधिकालात त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द घडली. तिचे यश आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा उलगडा या परिस्थितीच्या संदर्भातच होतो.

पार्श्वभूमी : कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत मल्लविद्येची जुनी परंपरा आहे. गावोगावी तालमी, तालमीत लाल मातीचा हौद, जोर-बैठकांचा नित्याचा व्यायाम, वस्तादांची शिस्त आणि जत्रेच्या वेळी भरणारे कुस्त्यांचे फड हे तेथील ग्रामजीवनाचे अंगच बनून गेले आहे. छत्रपती शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) कोल्हापूर संस्थानात या विद्येला उदार आश्रय दिला. उत्तरेकडील नामांकित मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणले, स्थानिक मल्लांच्या खुराकाची व राहण्याची तजवीज केली आणि खासबाग मैदान उभारले. त्यामुळे कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी म्हणून ओळखली जाऊ लागली.

ऑलिंपिक कुस्तीशी भारताचा संबंधही महाराष्ट्रातील मल्लांच्या द्वाराच प्रथम आला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय पथकात रणधीर शिंदे व कुमार नवले हे दोन मल्ल होते आणि त्यांपैकी शिंदे यांना फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळाला होता. १९३४ मध्ये लंडन येथील ब्रिटिश एंपायर क्रीडासामन्यांत रशीद अन्वर यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळविले. परंतु हे प्रयत्न तुरळकच राहिले. देशातील मल्लांचे लक्ष मुख्यत्वे मातीवरील दंगलींकडे व त्यांतील इनामांकडे होते. ऑलिंपिक पद्धतीची गादीवरील (मॅटवरील) कुस्ती बहुतेकांनी पाहिलेलीही नव्हती.

बालपण व शिक्षण : खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासूनच वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे देण्यास प्रारंभ केला. कराड येथील टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात सातारा जिल्हा भूमिगत चळवळीचे प्रमुख केंद्र बनला होता. त्या वेळी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी खाशाबांनीही भाग घेतल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

पुढे उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शरीराने ते ठेंगणे व हलक्या वजनाचे होते. मातीवरच्या परंपरागत कुस्तीत कीर्ती लाभते ती प्रायः धिप्पाड मल्लांना. फडातील अखेरची, मोठ्या इनामाची कुस्ती त्यांचीच असते आणि लहान चणीच्या मल्लाला आरंभीच्या जोडींवर समाधान मानावे लागते. वजनगटांत विभागलेल्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र अशा मल्लाला समान वजनाच्या प्रतिस्पर्ध्याशी लढता येते. महाविद्यालयीन व राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांतून खाशाबांना ही संधी मिळाली आणि चापल्य व डावपेच यांच्या बळावर त्यांनी अल्पावधीतच नाव मिळविले. त्यांच्या या लहान चणीमुळे व दमदार चपळाईमुळे पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असे संबोधले जाऊ लागले.

माती व गादी : जाधव यांच्या कामगिरीचे यथार्थ मूल्यमापन करण्यासाठी भारतीय पद्धतीची मातीवरील कुस्ती व ऑलिंपिकमधील मुक्त शैलीची कुस्ती यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे दोन प्रकार आहेत. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेण्यास अथवा पायांचा उपयोग करण्यास मज्जाव असतो. मुक्त शैलीत संपूर्ण शरीराची पकड घेता येते व पायांचे डावही करता येतात. साहजिकच भारतीय मल्लाला मुक्त शैली अधिक जवळची वाटते. दोहोंत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकविणे, म्हणजे त्याला चीतपट करणे, हेच अंतिम लक्ष्य असते.

परंतु साम्य येथेच संपते. तालमीतील माती तेल, ताक, हळद इ. पदार्थ घालून मऊ केलेली असते. तीत पाय रुततो आणि घामाने निसटणारी पकड अंगाला माती चोळून पक्की करता येते. मल्ल अनवाणी लढतो. परंपरागत कुस्तीला वेळेचे बंधन नसते. प्रारंभीच्या खडाखडीत दोन्ही मल्ल एकमेकांचा अंदाज घेतात, प्रतिस्पर्ध्याचा दम तोडतात आणि संधी साधून डाव टाकतात. कुस्ती निकाली व्हावी अशीच प्रेक्षकांची अपेक्षा असते. गादीवरील कुस्तीत मल्लाच्या पायांत बूट असतात, पृष्ठभाग समपातळीत व घट्ट असतो आणि लढतीचे क्षेत्र आखलेले असते. हेल्सिंकीच्या वेळी लढतीसाठी पंधरा मिनिटांची मर्यादा होती. या अवधीत कोणी चीतपट न झाल्यास तीन पंच आपापले मत देत आणि एकमताने (३–०) वा बहुमताने (२–१) विजेता ठरविला जाई. म्हणून प्रतिस्पर्ध्याला केवळ थोपवून धरणे पुरेसे नसे. सतत आक्रमक राहून वर्चस्व पंचांच्या नजरेस आणून द्यावे लागे. मातीत वाढलेल्या मल्लाला पवित्रा, श्वासाचे नियोजन व डावांची लय या तिन्ही गोष्टी नव्याने आत्मसात कराव्या लागत. १९४८ साली भारतात अशा सरावाच्या सोयी जवळजवळ नव्हत्याच.

लंडन ऑलिंपिक, १९४८ : स्वतंत्र राष्ट्र म्हणून भारताने भाग घेतलेले हे पहिलेच ऑलिंपिक होते. जाधव यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाकडून त्यांना गादीवरील कुस्तीचे थोडेफार प्रशिक्षण मिळाले. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस याला पहिल्या काही मिनिटांतच पराभूत केले. त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगन यालाही त्यांनी हरविले. तथापि इराणच्या मन्सूर रईसी याच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. या गटात फिनलंडच्या लेनार्ट व्हिटाला याने सुवर्णपदक, तुर्कस्तानच्या हलित बालामिर याने रौप्यपदक व स्वीडनच्या तूरे युहान्सन याने ब्राँझपदक मिळविले. जाधव यांचा सहावा क्रमांक लागला. गादीचा पुरेसा सराव नसलेल्या बावीस वर्षांच्या नवख्या मल्लाच्या दृष्टीने ही कामगिरी लक्षणीय होती. आपले डाव परदेशी मल्लांवर चालतात, उणीव आहे ती सरावाची, हा आत्मविश्वास त्यांना या स्पर्धेने दिला. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी वजन वाढवून बँटमवेट गटाची तयारी केली आणि व्यायामाचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढविले.

निवड व खर्चाचा प्रश्न : हेल्सिंकीला जाण्याचा मार्ग मात्र सुकर नव्हता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास हेतुपुरस्सर एक गुण कमी देऊन डावलण्यात आले, अशी जाधव यांची तक्रार होती. पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष व कुस्तीचे चाहते होते. जाधव यांनी त्यांच्याकडे दाद मागितली. तेव्हा पुन्हा चाचणी घेण्यात आली व तीत जाधव यांनी कलकत्त्याच्या निरंजन दास या प्रतिस्पर्ध्याला अल्पावधीतच अस्मान दाखविले, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रांतून आढळतो. अखेरीस हेल्सिंकीच्या पथकात दोघांचाही समावेश झाला. दास फ्लायवेट गटात, तर जाधव बँटमवेट गटात लढले.

निवडीनंतर खर्चाचा प्रश्न उभा राहिला. ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमांनुसार स्पर्धक हा हौशी असणे अनिवार्य होते. खेळ हे त्याच्या उपजीविकेचे साधन असता कामा नये, अशी त्यामागील भूमिका होती. सुस्थितीतील युरोपीय वर्गात जन्मलेल्या या कल्पनेचा शेतकरी कुटुंबातील भारतीय मल्लाच्या बाबतीत व्यवहारात एवढाच अर्थ होई, की देशासाठी लढण्याचा भार त्याने स्वतःच वाहावा. संस्थानी काळात हा भार राजाश्रयाने हलका होत असे. परंतु १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराकडून मिळणाऱ्या साहाय्याचा आधार उरला नाही. त्याची जागा घेणारी शासकीय योजना अस्तित्वात आलेली नव्हती. शासनाकडे साहाय्याची मागणी करण्यात आली, परंतु गरजेच्या मानाने हाती फारच थोडे आले.

अशा वेळी कराड-कोल्हापूर परिसरातील जनता पुढे आली. जाधव कुटुंबीयांनी व गावकऱ्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. दुकानदार, शेतकरी, विद्यार्थी यांनी यथाशक्ति हातभार लावला. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळच्या मानाने ही रक्कम मोठीच होती. हेल्सिंकीच्या पदकामागे असलेला हा लोकाश्रय भारतीय क्रीडेतिहासात सहसा न आढळणारा आहे.

हेल्सिंकी ऑलिंपिक, १९५२ : कुस्तीच्या लढती मेसुहल्ली या सभागृहात झाल्या. मुक्त शैलीत ५२ किग्रॅ.पासून ८७ किग्रॅ.हून अधिक वजनापर्यंत एकूण आठ गट होते. बँटमवेट गटातील स्पर्धा लंडनपेक्षा कठीण होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या सामन्यांत जपानला प्रवेश नव्हता व सोव्हिएट रशियाने भाग घेतलेला नव्हता. हेल्सिंकीत या दोन्ही राष्ट्रांचे मल्ल प्रथमच समोर उभे ठाकले आणि नेमक्या याच दोन राष्ट्रांच्या मल्लांशी जाधव यांची गाठ पडावयाची होती.

स्पर्धेची रचना आजच्या बाद पद्धतीहून भिन्न अशी होती. तीत ऋणगुण मोजले जात. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्यास विजेत्याच्या नावे एकही ऋणगुण पडत नसे. पंचांच्या निर्णयाने विजय मिळाल्यास एक, तर पराभव झाल्यास तीन ऋणगुण पडत. पाच ऋणगुण जमा झालेला मल्ल स्पर्धेतून बाद होई. अखेरपर्यंत उरलेल्या तिघांचे अनुक्रम त्यांच्या परस्परांतील लढतींवरून ठरत. या पद्धतीत निकाली कुस्ती करणाऱ्या मल्लाला मोठा लाभ मिळे. चीतपट हेच ज्या परंपरेचे ध्येय, तीत घडलेल्या जाधव यांना ती अनुकूलच ठरली.

पहिल्या फेरीत त्यांनी कॅनडाच्या आद्रिअँ पॉलिकँ याला चीतपट केले. ही लढत पंधरा मिनिटांच्या मर्यादेच्या अगदी अखेरीपर्यंत चालली होती. दुसऱ्या फेरीत मेक्सिकोच्या लेओनार्दो बासुर्तो यालाही त्यांनी चीतपट केले. या वेळी त्यांना पूर्वीच्या निम्माही अवधी लागला नाही. त्यानंतर जर्मनीच्या फेर्डिनांट श्मिट्स याच्याशी झालेल्या चुरशीच्या लढतीत त्यांनी पंचांच्या बहुमताने (२–१) विजय मिळविला. अशा रीतीने एकही पराभव न पत्करता ते अखेरच्या तिघांत जाऊन पोहोचले. उरलेले दोघे म्हणजे जपानचा शोहाची इशिई व सोव्हिएट रशियाचा रशीद मामादबेयव हे होत.

इशिई हा मूळचा जूदोपटू होता. जूदोमधील फेकींचे कौशल्य त्याने मुक्त शैलीत आणले होते. जाधव व इशिई यांची लढत पूर्ण पंधरा मिनिटे चालली. तीत पंचांनी इशिईला विजयी घोषित केले. या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर जाधव यांना लगेचच मामादबेयव याच्याशी लढण्यास पाचारण करण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता; परंतु तो पंचांच्या निदर्शनास आणून देण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे उपस्थित नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या स्थितीत लढलेल्या जाधव यांना याही लढतीत निर्णयाने हार पत्करावी लागली. इशिईला सुवर्णपदक, मामादबेयवला रौप्यपदक व जाधव यांना ब्राँझपदक मिळाले (२३ जुलै १९५२). इशिईचे सुवर्णपदक हे हेल्सिंकीतील जपानचे एकमेव सुवर्णपदक होते. यावरून या गटातील प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा लक्षात येतो. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता किंवा कसे, हा केवळ तर्काचा विषय आहे. मात्र मल्लाची बाजू मांडण्यासाठी जाणकार व्यवस्थापक सोबत असणे हा आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या सिद्धतेचाच एक भाग आहे, हा धडा या प्रसंगाने घालून दिला.

याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांनी फेदरवेट (६२ किग्रॅ.) गटात चौथा क्रमांक मिळविला, त्यांचे पदक थोडक्यात हुकले. म्हणजे एकाच परिसरातील तालमींत तयार झालेले दोन मल्ल त्या वर्षी जगातील पहिल्या चारांत होते. जाधव यांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदर्लंड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक राखले. त्या विजयाच्या जल्लोषात एका मल्लाच्या ब्राँझपदकाकडे देशाचे पुरेसे लक्ष गेले नाही.

कुस्तीची शैली : जाधव यांचा हातखंडा डाव म्हणजे ‘ढाक’ हा होय. या डावात प्रतिस्पर्ध्याची मान आपल्या हाताच्या विळख्यात घट्ट धरून, अंगाला झटक्यासरशी पीळ देऊन त्याला जमिनीवर फेकले जाते. पकड व वळण या क्रिया एकाच क्षणी साधाव्या लागतात. किंचित विलंब झाल्यास प्रतिस्पर्धी पाठीवर चढण्याचा धोका असतो. म्हणूनच हा डाव चपळ व तोल सांभाळणाऱ्या मल्लालाच साधतो. युरोपीय व अमेरिकन मल्लांना त्याची सवय नव्हती. मातीतील डाव गादीच्या वेगाशी जुळवून घेणे, हे जाधव यांचे तंत्रविषयक वैशिष्ट्य म्हणता येईल. परकीय शैलीचे अनुकरण करण्यापेक्षा परंपरागत डावांनाच नव्या नियमांची शिस्त लावणे त्यांनी पसंत केले.

स्वागत व ऋणमुक्ती : जाधव मायदेशी परतले, तेव्हा शासकीय पातळीवर विशेष समारंभ झाला नाही, परंतु त्यांच्या मुलखाने त्यांचे अभूतपूर्व स्वागत केले. कराड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल-ताशांच्या गजरात निघालेल्या या मिरवणुकीला एरवी अल्पावधीत तोडता येणारे अंतर कापावयास कित्येक तास लागले. त्यानंतर जाधव यांनी पहिले काम केले ते ऋणमुक्तीचे. त्यांनी कुस्त्यांचे आयोजन केले व त्यांतून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

उत्तरायुष्य : १९५५ मध्ये जाधव पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक कुस्त्या जिंकल्या, तसेच क्रीडामार्गदर्शक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची उमेद त्यांनी बाळगली होती. परंतु गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांना तेथे भाग घेता आला नाही व त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द वयाच्या तिशीतच संपुष्टात आली. पोलीस खात्यात दीर्घकाळ ते बढतीपासून वंचित राहिले. सु. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. हे पद त्यांना निवृत्तीच्या थोडेसेच आधी मिळाले होते. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खटपट करावी लागली. क्रीडासंघटनांनी त्यांच्या अनुभवाचा नव्या मल्लांच्या प्रशिक्षणासाठी पुरेसा उपयोग करून घेतला नाही. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडासामन्यांत ज्योतवाहकांमध्ये त्यांचा समावेश करण्यात आला होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले.

मानसन्मान : जाधव यांना हयातीत राष्ट्रीय पातळीवरील कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. अर्जुन पुरस्काराची योजना १९६१ मध्ये सुरू झाली. तो जाधव यांना त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० सालासाठी, मरणोत्तर देण्यात आला. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच मिळाला (१९९२-९३). २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल क्रीडासामन्यांच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला.

मूल्यमापन : जाधव यांच्या पदकाचे मोल त्यानंतरच्या प्रदीर्घ खंडावरून अधिक स्पष्ट होते. ऑलिंपिकमधील भारताचे पुढील वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये १९९६ साली मिळविले. म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षे लोटली. कुस्तीतील पुढील पदकासाठी तर छप्पन्न वर्षे वाट पाहावी लागली. ते सुशीलकुमार यांनी २००८ साली बीजिंग येथे मिळविले. या मधल्या काळात भारतीय कुस्ती निष्प्रभ होती असे नाही. १९६१ च्या योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत उदयचंद यांनी ब्राँझपदक मिळविले आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई सामन्यांत महाराष्ट्राचे मारुती माने व गणपत आंदळकर यांनी सुवर्णपदके जिंकली. परंतु ऑलिंपिकच्या पातळीवर सातत्य राहिले नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर यामागे एक विशेष कारण संभवते. येथील मल्लांची महत्त्वाकांक्षा ‘हिंदकेसरी’ व ‘महाराष्ट्र केसरी’ या किताबांभोवती केंद्रित झाली. हे किताब वजनदार मल्लांचे. त्यामुळे जाधव यांच्यासारख्या हलक्या वजनाच्या गुणी मल्लांकडे तालमींचे व आश्रयदात्यांचे लक्ष कमी राहिले. गादीवरील सरावाकडे वळण्यासही येथे विलंब लागला. हरयाणा व दिल्ली येथील आखाड्यांनी हा बदल अधिक त्वरेने स्वीकारला आणि २००८ नंतरची कुस्तीतील पदके प्रामुख्याने तेथील मल्लांनीच मिळविली. २०२० च्या (प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या) टोकिओ ऑलिंपिकमध्ये रविकुमार दहिया यांनी रौप्य व २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत यांनी ब्राँझपदक मिळविले. ही दोन्ही पदके जाधव ज्या वजनाला लढले, त्या ५७ किग्रॅ. गटातीलच आहेत. महाराष्ट्रातील खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ते पॅरिस येथे नेमबाजीत मिळविले.

या मल्लांना परदेशी प्रशिक्षक, वैद्यकीय साहाय्य, शिष्यवृत्ती, नोकरीची हमी व आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियमित अनुभव यांचे पाठबळ होते. जाधव यांना यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. गावच्या तालमीतील शिक्षण, महाविद्यालयाचा जिव्हाळा आणि सामान्य लोकांनी दिलेली वर्गणी एवढ्याच भांडवलावर ते जगातील पहिल्या तीन मल्लांत जाऊन पोहोचले. एखादा गुणी मल्ल केवळ स्वतःच्या व आपल्या माणसांच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, हे त्यांच्या कारकीर्दीने दाखविले. आणि त्यापुढची वाट व्यवस्थेच्या साहाय्याविना बंद होते, हेही तिनेच स्पष्ट केले.